आईच्या फोनला अपडेट येत नाहीत, ब्राउझर बदलून भागेल का?

तिखटमीठ | रविवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. धाग्याचं निमित्त आई. ती मिरजेला एकटी असते, वय ७१. तिच्याकडे २०१९ च्या दिवाळीत घेऊन दिलेला फोन आहे, अँड्रॉइड ९. फोन ठणठणीत आहे. बॅटरी दिवसभर पुरते, काचेवर एक चरा नाही (आईने त्याला क्रोशाची पिशवी विणली आहे, त्यामुळे असेल).

परवा गेले होते तेव्हा सेटिंग्ज उघडून बघितल्या. 'सुरक्षा पॅच'पुढे तारीख होती १ सप्टेंबर २०२०. 'अपडेट तपासा' दाबलं तर फोन छातीठोकपणे सांगतो की तो अद्ययावत आहे! मग प्ले स्टोअरमध्ये जाऊन सगळी ॲप्स अपडेट केली. बाकीची झाली, क्रोमला मात्र अपडेटचं बटणच येत नाही. १३८ वर अडकून बसलंय.

धाकटा भाऊ म्हणतो, "क्रोम काढून टाक, फायरफॉक्स घाल, विषय संपला." नवरा म्हणतो नवा फोन घ्या. आई म्हणते, "ह्याला काय झालंय? नासलाय का?"

ती त्यावर व्हॉट्सॲप बघते, यूट्यूबवर हरिपाठ ऐकते, विजेचं बिल भरते, आणि पेन्शन जमा झाली का ते बँकेच्या ॲपमध्ये बघते. मला धास्ती आहे ती या शेवटच्या दोन गोष्टींची. भावाचं ऐकून चालेल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निवांतकाका | रविवार, रात्री १०.२५

ताई, आईंचं म्हणणं मला तंतोतंत पटलं. चालत्या गाडीला खीळ घालू नये.

माझ्या पुतण्याने गेल्या वर्षी झोपताना अपडेट लावलं. सकाळी उठून बघतो तर पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, वॉरंटी संपली, स्क्रीन बदला. खर्च ऐकून पोरगं गप्पच झालं. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच कटकट. आणि डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने स्वतःच कबूल केलं होतं की बॅटरी थकलेल्या जुन्या आयफोनचा वेग ते कमी करतात. ती करामत अपडेटमधूनच आत आली होती ना? पुढे स्वस्तात बॅटरी बदलून द्यायची वेळ आली त्यांच्यावर.

जुना फोन रडवायचा आणि नवा विकायचा, एवढाच या अपडेटांचा अर्थ. मिरजेच्या आजींच्या फोनात हॅकर कशाला डोकावेल? हरिपाठ ऐकायला?

खटपट्या | सोमवार, सकाळी ७.१५

अँड्रॉइडची ॲप्स बनवण्यात बारा वर्षं गेली आहेत, त्यामुळे जरा लांबण लागेल. चहा घेऊन बसा.

तिखटमीठ, तुमच्या प्रश्नात दोन निरनिराळी अपडेट्स आहेत. एक येतं फोन बनवणाऱ्या कंपनीकडून. ते बंद झालं म्हणून तुमची तारीख २०२० वर थांबली. फोन 'अद्ययावत आहे' म्हणतो ते खोटं नाही, त्याचा अर्थ एवढाच की कंपनीने त्याच्यासाठी पाठवलेलं सगळं त्याच्याकडे पोचलं आहे. पुढे काही पाठवलंच नाही, हे तो सांगत नाही. दुसरं अपडेट येतं प्ले स्टोअरमधून, गूगलकडून. क्रोम त्यातलं. ते आत्ता आत्तापर्यंत चालू होतं.

पूर्वी या दोन्ही गोष्टी एकच होत्या. वेबपान दाखवणारा भाग, म्हणजे ब्राउझरचं इंजिन, अँड्रॉइडच्या पोटातच असायचा. त्यात भोक (चोराला आत शिरता येईल अशी चूक) सापडलं की आख्ख्या फोनचं अपडेट येईपर्यंत वाट बघायची. ते बहुतेकांना यायचंच नाही. जानेवारी २०१५ मध्ये गूगलने सांगून टाकलं की अँड्रॉइड ४.३ आणि त्याआधीच्या फोनांतल्या या भागाला आम्ही आता ठिगळ (म्हणजेच पॅच) लावणार नाही. त्या वेळी जगात चालू असलेले निम्म्याहून जास्त अँड्रॉइड फोन त्याच जुन्या आवृत्त्यांवर होते! ५.० पासून मात्र हा भाग वेगळा काढला आणि प्ले स्टोअरमधून अपडेट व्हायला लागला. त्याचं नाव वेबव्ह्यू.

हे नाव लक्षात ठेवा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. कुठल्याही ॲपच्या आत एखादं वेबपान उघडतं ना, बँकेच्या ॲपमधलं 'नियम व अटी', बिल भरतानाचं पेमेंटचं पान, ते बहुतेक वेळा वेबव्ह्यू दाखवत असतं. तो फोनमधला बिननावाचा ब्राउझर. तुम्ही निवडलेल्या ब्राउझरशी त्याचं काही देणंघेणं नाही.

आता गंमत बघा. अँड्रॉइड ७, ८ आणि ९ मध्ये वेबव्ह्यूचं काम खुद्द क्रोमच करतं. १० पासून ते पुन्हा वेगळं झालं. आणि क्रोम १३८ ही अँड्रॉइड ८ आणि ९ साठीची शेवटची आवृत्ती होती. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३९ ला किमान अँड्रॉइड १० लागतं. म्हणजे आईंच्या फोनवर त्या दिवशी फक्त क्रोम नाही थांबलं, सगळ्या ॲप्सच्या आतली वेबपानंही तिथेच थांबली. क्रोम 'डिसेबल' केलं तर जुनं स्वतंत्र वेबव्ह्यू पुढे येतं, पण त्याचीही गाडी त्याच स्टेशनात उभी आहे.

निवांतकाका, पुतण्याचा राग रास्त आहे. त्यावर वेगळं लिहितो, आत्ता ऑफिसला उशीर होतोय.

तिखटमीठ | सोमवार, सकाळी ११.०५

बापरे. म्हणजे फायरफॉक्स टाकून फायदा शून्य?

खटपट्या | सोमवार, दुपारी १.४०

शून्य नाही. डबा खाता खाता लिहितोय.

फायरफॉक्सचं इंजिन त्याचं स्वतःचं आहे, गेको. ते फोनमधल्या वेबव्ह्यूवर अवलंबून नाही आणि अँड्रॉइड ९ वर त्याला अजून अपडेट्स मिळतात. ते 'डीफॉल्ट' करून ठेवलं तर व्हॉट्सॲपवर आलेली लिंक दाबल्यावर ती थांबलेल्या क्रोमऐवजी फायरफॉक्समध्ये उघडेल. ही कमाई लहान नाही, कारण आईंच्या वयाच्या माणसाकडे अनोळखी पान येण्याची वाट हीच. शिवाय त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं जोड-साधन बसतं. 'तुमच्या फोनमध्ये १७ व्हायरस सापडले' असल्या जाहिराती त्यामुळे दिसतच नाहीत. मोबाइलवरच्या क्रोममध्ये ही सोय नाही.

भावाला एवढं सांगा की 'कुठलाही दुसरा ब्राउझर' चालणार नाही. अँड्रॉइडवरचं डकडकगो, उदाहरणार्थ, आतून फोनचं वेबव्ह्यूच वापरतं. नाव नवं, इंजिन तेच अडकलेलं. क्रोमियमवर (क्रोमच्या खुल्या गाभ्यावर) बांधलेले बाकीचे ब्राउझरही आज ना उद्या त्याच कारणाने जुना अँड्रॉइड सोडतात.

आणि फायरफॉक्सने काय होत नाही तेही ऐका. वाड्याला दिंडी दरवाजा असतो आणि आत माजघराचं दार. ब्राउझर वेबपानाला एका बंदिस्त खोलीत चालवतो. पानातून घुसलेल्याने ब्राउझरमधलं भोक वापरलं तरी तो त्या खोलीतच अडकतो. तिथून फोनभर फिरायचं तर त्याला दुसरं भोक लागतं, आणि ते बहुधा अँड्रॉइडच्या गाभ्यातलं असतं. नवा ब्राउझर म्हणजे दिंडी दरवाजा नीट. २०२० चा पॅच म्हणजे माजघराच्या दाराला गेली कित्येक वर्षं कडी नाही, आणि ती नाही हे दर महिन्याच्या सुरक्षा पत्रकात गूगलच छापून जाहीर करतं. गूगलचा इलाज नाही, बाकीच्यांनी आपली दारं दुरुस्त करावीत म्हणून ते छापावं लागतं.

या छापण्यावरूनच क्रोमची अपडेट्स एवढी वारंवार का येतात तेही कळेल. क्रोमचा गाभा खुला आहे, कोणीही वाचू शकतो. दुरुस्ती केली की ती आधी तिथे दिसते, तुमच्या फोनवर नंतर पोचते. मधल्या दिवसांत चोर दुरुस्ती वाचून भोक शोधतो. एके काळी हे अंतर ३५ दिवसांचं असायचं, मग १५ वर आणलं, आणि ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षेची दुरुस्ती दर आठवड्याला सोडतात. लोक म्हणतात परवाच तर अपडेट केलं होतं, आज परत? त्याचं कारण हे.

परदेशी_पाखरू | सोमवार, संध्या. ६.३०

आइंडहोव्हनहून दोन पैसे. आईला आयफोन घेऊन द्यायचा विचार आला तर तिथली गणितं उलटी आहेत.

आयफोनवर तुम्ही क्रोम टाका, फायरफॉक्स टाका, आतलं इंजिन ॲपलचं वेबकिटच असतं. ॲपलचा नियमच तसा. युरोपियन युनियनच्या कायद्यामुळे मार्च २०२४ च्या आयओएस (आयफोनची मूळ प्रणाली) १७.४ पासून आमच्याकडे दुसऱ्या इंजिनांना परवानगी मिळाली, पण तुम्ही भारतात फायरफॉक्सचं चित्र असलेलं वेबकिट वापरता. त्यामुळे तिथे ब्राउझर बदलून सुरक्षेत फार फरक पडत नाही, आयओएसचं अपडेट हेच ब्राउझरचं अपडेट. ते लांबवलं की सगळंच लांबलं.

याची चांगली बाजू म्हणजे ॲपल जुन्या फोनांना बराच काळ विसरत नाही. माझ्या सासऱ्यांकडे आयफोन ५एस होता, २०१३ चं मॉडेल. त्याला जानेवारी २०२३ मध्ये १२.५.७ आलं, वेबकिटमधलं एक भोक बुजवायला. नऊ वर्षांनी! सासरे तोवर त्याचा फक्त गजर म्हणून वापर करत होते.

गमतीची बाजूही आहे. ॲपलने घाईच्या दुरुस्त्यांसाठी छोटी अपडेट्स सुरू केली, आवृत्तीच्या आकड्यापुढे कंसात अक्षर घालून. जुलै २०२३ मध्ये असं १६.५.१ (ए) आलं, आणि फेसबुक, झूम वगैरेंच्या साइट्स सफारीला (ॲपलच्या ब्राउझरला) ओळखच दाखवेनात. कारण सफारी स्वतःची ओळख सांगताना तो कंसातला 'ए'ही सांगायला लागली होती, आणि असला ब्राउझर त्या साइट्सनी कधी ऐकलेला नव्हता. ॲपलला ते मागे घेऊन (सी) काढावं लागलं.

निवांतकाका | सोमवार, रात्री ९.१०

बघा! कंसातल्या एका अक्षराने साइट बंद पडतात आणि मला म्हणता अपडेट करा.

भाकरी_ठेचा | सोमवार, रात्री ११.००

अवांतर होईल, पण ब्राउझरचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही.

२०१० च्या आसपास मी नोकियाच्या साध्या फोनवर मराठी वाचायचो. फोनला देवनागरी येत नव्हती, सगळे चौकोन दिसायचे. मग कोणीतरी युक्ती सांगितली: ओपेरा मिनी टाका, पत्त्याच्या जागी 'ओपेरा:कॉन्फिग' लिहा, आणि खालचा बिटमॅप फॉन्टचा पर्याय 'येस' करा. चौकोनांची अक्षरं झाली! आठवतंय का कोणाला? आख्ख्या होस्टेलचे फोन मी करून दिले होते, एका वडापावच्या बदल्यात एक.

ती जादू कशी होती ते नंतर कळलं. पान आधी ओपेराच्या सर्व्हरवर उघडायचं, तिथे अक्षरांची चित्रं व्हायची आणि ती दाबून बारीक करून आपल्याकडे यायची. म्हणजे आपण आणि साइट यांच्यामध्ये तिसरा माणूस बसलेला. पासवर्डसुद्धा त्याच्या हातातून जायचा, आणि कंपनीनेही ते लपवलं नव्हतं. मी त्यावरून रेल्वेची तिकिटं काढलीत.

मग स्मार्टफोन आला आणि घरोघर यूसी ब्राउझर. व्हिडिओ पटकन उतरायचे म्हणून. २०१५ मध्ये कॅनडातल्या सिटिझन लॅब या संशोधक गटाने तपासून दाखवलं की तो फोनची ओळख आणि ठिकाणाची माहिती नीट न झाकता बाहेर पाठवतो. आमच्या गल्लीत कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. २९ जून २०२० ला ५९ ॲप्सवर बंदी आली त्यात तो गेला. पण बंदीनंतरही फोनात बसलेलं यूसी बऱ्याच जणांनी काढलं नाही, मामाच्या फोनात तर मी परवापर्यंत बघितलं. प्ले स्टोअरवरून ॲप गेलं म्हणजे त्याची अपडेट्सही गेली. तिखटमीठ, आईच्या फोनात असलं काही जुनं पडलेलं नाही ना, ते एकदा बघाच.

तिखटमीठ | मंगळवार, सकाळी ८.२०

@भाकरी_ठेचा, चौकोन! किती वर्षांनी आठवले.

आणि हो, आत्ता आईला फोन करून एकेक चित्र वाचून घेतलं. यूसी नाही, पण 'फोनची सफाई' करणारी दोन ॲप्स, एक टॉर्च आणि एक 'फास्ट ब्राउझर' असं काहीतरी निघालं. शेजारच्या मुलाने घालून दिलेलं म्हणे. काढायला लावलं. काढताना आईचा प्रश्न, "मग सफाई कोण करणार?"

म्हापशाची_माई | मंगळवार, दुपारी ३.१५

मी बँकेत काम करते, गोव्यात. कुठल्या ते विचारू नका. काकांचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. आमच्या काउंटरवर रडत आलेल्या एकाही माणसाचा फोन ब्राउझरच्या भोकातून लुटला गेलेला मी पाहिलेला नाही. सगळे फसले ते स्वतः काहीतरी उतरवून घेतल्यामुळे.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. एक निवृत्त मास्तर आले. त्यांना ओळखीच्या नंबरावरून व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली होती. पत्रिका नव्हतीच ती, एपीके फाइल होती, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल. दाबली, फोनने दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा 'हो' म्हटलं. त्यांना वाटलं पत्रिका उघडायला लागत असेल. मग त्या ॲपने एसएमएस वाचायची परवानगी घेतली आणि ओटीपी परस्पर निघून गेले. वाईट याचं वाटलं की ज्याच्या नंबरावरून आली तो भाचाही तसाच फसलेला होता. असेच ट्रॅफिक चलानाच्या नावाचे एपीकेही फिरतात.

आणि हे 'अपडेट करा, अपडेट करा' लोकांच्या मनावर एवढं बिंबलंय की चोरांनी तेच उचललं. वेबपानावर हुबेहूब क्रोमसारखं चित्र येतं, 'तुमचं क्रोम जुनं झालं, इथे दाबा'. २०२४ च्या एप्रिलमध्ये ब्रोकवेल नावाचा मालवेअर (घातक ॲप) सापडला, तो असल्याच पानावरून पसरत होता. बँकेच्या ॲपवर खोटा पडदा टाकून पासवर्ड काढायचा. तेव्हा आईंना 'अपडेट आलं की कर' एवढंच सांगू नका. सांगा की अपडेट फक्त प्ले स्टोअरमधून आणि फोनच्या सेटिंग्जमधून, वेबपानाने किंवा मेसेजने सांगितलेलं कधीच नाही. आणि काही झालंच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार गेली तर अडवता येतात. मास्तर चौथ्या दिवशी आले होते.

निवांतकाका | मंगळवार, संध्या. ५.००

माईंनी माझीच बाजू मांडली. फसतो तो माणूस, फोन नाही. मग अपडेटचा संबंध काय?

खटपट्या | मंगळवार, रात्री १०.३०

संबंध आहे, आणि तो माईंच्या मास्तरांच्या गोष्टीतच आहे.

ही एपीके ॲप्स बऱ्याचदा 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागतात. दृष्टी कमी असलेल्यांना पडदा वाचून दाखवायला, बटणं दाबून द्यायला केलेली ती सोय. ती मिळाली की ॲप तुमचा पडदा वाचतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबतं. अँड्रॉइड १३ पासून व्हॉट्सॲपवरून वगैरे उतरवलेल्या ॲपला ही परवानगी देताना फोन आडवा येतो, बटण करडं पडतं. वळसा घालून देता येते, चोर तोही शिकवतात, पण मास्तरांसारखा माणूस कदाचित त्या करड्या बटणापाशी थांबला असता. अँड्रॉइड ९ मध्ये असा अडसर नाहीच. नवं अँड्रॉइड म्हणजे नुसती भोकं बुजवणं नाही, माणूस चुकणार हे धरून मध्ये घातलेले उंबरे त्यात असतात.

'मिरजेच्या आजींना कोण हॅक करेल' याबद्दलही. २०१५ च्या जुलैमध्ये स्टेजफ्राइट नावाचं प्रकरण झालं. अँड्रॉइडच्या व्हिडिओ वाचणाऱ्या भागात भोक होतं. नंबर माहीत असला की नुसता एमएमएस पाठवून फोनमध्ये शिरता येईल, समोरच्याने तो उघडायचीही गरज नाही, इतकं ते वाईट होतं. सुमारे ९५ कोटी फोन त्या कचाट्यात येत होते. त्यानंतरच गूगलने दर महिन्याला सुरक्षा पॅच काढायला सुरुवात केली, आणि सेटिंग्जमधली ती तारीख त्यानंतर आलेली आहे. अशा भोकाला आजी कोण आणि मंत्री कोण, हे कळत नाही.

दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सप्टेंबर २०२३. ७ तारखेला ॲपलने घाईने आयओएस १६.६.१ काढलं, कारण चित्र वाचणाऱ्या भागातल्या भोकातून एका आयफोनवर हेरगिरी झाल्याचं सिटिझन लॅबला (वर भाकरी_ठेचांनी सांगितलेलेच ते) सापडलं होतं. ११ तारखेला क्रोमने, १२ ला फायरफॉक्सने आपापली दुरुस्ती सोडली. भोक होतं वेबपी जातीची चित्रं उघडणाऱ्या एका छोट्या फुकट कोडमध्ये, आणि तो कोड सगळ्यांनी उचलून आपापल्या पोटात घातलेला. सिग्नलसारख्या निरोपाच्या ॲप्सनासुद्धा धावपळ करावी लागली. तेव्हा 'मी तो ब्राउझर वापरतच नाही' हे उत्तर कोणालाच उपयोगी पडलं नाही. ज्याची अपडेट्स चालू, तो थोड्याच दिवसांत मोकळा झाला.

आता काकांचं देणं. अपडेट बिघडवतं, हे खरं आहे. २०२१ च्या मार्चमध्ये वेबव्ह्यूचंच एक अपडेट फसलं आणि जगभर जीमेल, बँकांची ॲप्स उघडल्या उघडल्या बंद पडायला लागली. त्या दिवशी आमच्याकडे सकाळपासून फोन वाजत होते, आणि चूक आमची नव्हती हे ग्राहकाला पटवता पटवता संध्याकाळ झाली. वेबव्ह्यूचं अपडेट काढून टाका, असं आम्हीच सांगत होतो! तेव्हा आंधळेपणाने सगळं लगेच घ्या, असं मी म्हणत नाही. आख्खं नवं अँड्रॉइड, १४ वरून १५ वगैरे, आलं तर मी स्वतः दोन-तीन आठवडे थांबतो, लोक काय रडतात ते वाचतो, फोटो दुसरीकडे ठेवतो, मग घेतो. महिन्याचा सुरक्षा पॅच आणि ब्राउझर मात्र आले की घेतो. पुतण्याने दोन्हींतलं कुठलं घेतलं होतं?

निवांतकाका | मंगळवार, रात्री ११.१५

विचारलं. आख्खं नवं होतं. पहिल्याच दिवशी घेतलंन, हौस दांडगी.

रॉमवाला | बुधवार, सकाळी ९.००

कोणीच कसं बोललं नाही? लिनिएजओएस टाका! जुन्या फोनवर नवं अँड्रॉइड, पॅचसकट. माझा २०१७ चा फोन मस्त पळतोय.

खटपट्या | बुधवार, सकाळी ९.४०

तुमच्यासाठी उत्तम, ७१ वर्षांच्या आईसाठी नको. त्यासाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा, दुसरं अँड्रॉइड बसू न देणारा भाग) उघडावा लागतो, मग बँकांची बरीच ॲप्स 'हा फोन सुरक्षित नाही' म्हणून चालायला नकार देतात, आणि ती बघायलाच तर त्यांना फोन हवाय. शिवाय मोडेम, चिप यांच्या आतलं सॉफ्टवेअर चिपवाल्या कंपनीकडून येतं. ते लिनिएजवाल्यांना मिळत नाही, तारीख नवी दिसली तरी तो भाग जुनाच.

रॉमवाला | बुधवार, सकाळी ९.५५

बँकेचं ॲप दुसऱ्या फोनवर ठेवलंय मी. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

परदेशी_पाखरू | बुधवार, दुपारी १.२०

नवा फोन घेणारच असाल तर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बघण्याआधी 'सुरक्षा अपडेट किती वर्षं' हे विचारा. गूगलने पिक्सेल ८ पासून (ऑक्टोबर २०२३) सात वर्षं देऊ केली, सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून (जानेवारी २०२४) तेवढीच. ते महाग फोन झाले. स्वस्त फोनांत दोन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंत काहीही सापडतं. आणि ही वर्षं बहुधा फोन बाजारात आला तेव्हापासून मोजतात, तुम्ही विकत घेतला तेव्हापासून नाही. सणाच्या सेलमध्ये दोन वर्षं जुनं मॉडेल निम्म्या किमतीत मिळालं तर त्याची दोन वर्षं आधीच खर्ची पडलेली असतात.

आमच्याकडे २० जून २०२५ पासून नियम आलाय, मॉडेलची विक्री बंद झाल्यापासून पुढे किमान पाच वर्षं अपडेट द्यायची. तारीख कुठून मोजायची हा वादच मिटवला.

इंद्रायणीकाठ | बुधवार, रात्री ८.४५

छान चर्चा, वाचनखूण साठवली. रच्याकने (जाता जाता), इन्स्टाग्राम-फेसबुकच्या आतच लिंक उघडते त्याचं काय? तिथे माझा फायरफॉक्स येतच नाही.

खटपट्या | बुधवार, रात्री ९.३०

बरोबर पकडलंत. तिथे डीफॉल्ट ब्राउझर चालत नाही, ॲप स्वतःच्या खिडकीत पान उघडतं. २०२२ मध्ये एका संशोधकाने दाखवलं की इन्स्टाग्राम, टिकटॉक वगैरे ॲप्स असं पान उघडताना त्यात आपला कोड घुसवतात. म्हणजे त्या खिडकीत तुम्ही काय दाबता, काय लिहिता, हे बघायची सोय त्यांच्याकडे असते. ती वापरतातच असं नाही. पण मी तिथे कार्डाचा नंबर कधी घालत नाही. कोपऱ्यात तीन टिंबं असतात, त्यात 'ब्राउझरमध्ये उघडा' सापडेल.

तिखटमीठ | पुढचा रविवार, रात्री १०.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. मिरजेहून परवाच परत आले, वृत्तांत देते.

शेवटी मधल्या किमतीचा एक फोन घेतला, सहा वर्षं सुरक्षा अपडेट देणारा, यंदाचंच मॉडेल. दुकानदाराला वर्षांचं विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, अपडेट काय, फुकट असतात." खोक्यावर काही नव्हतं, कंपनीच्या साइटवर शोधून काढलं. बँकेचं आणि विजेचं ॲप नव्या फोनवर टाकलं, सिमही त्यात. जुन्या फोनमधून बँकेचं ॲप काढलं, फायरफॉक्स आणि यूब्लॉक घातलं, आणि तो फक्त वाय-फायवर हरिपाठासाठी देवघराशेजारी ठेवला. त्यात आईचं मुख्य गूगल खातंही ठेवलं नाही, वेगळं काढून दिलं. खटपट्यांच्या माजघराचा दाखला आईला लगेच कळला. आमच्या जुन्या वाड्यात तसंच दार होतं.

नव्या फोनची पिशवी विणायला घेतली आहे.

पण काल सकाळी फोन लावला तर उचलेना. शेजारी विचारलं, तर कळलं की बाईसाहेबांनी सिम काढून परत जुन्या फोनात घातलंय. कारण विचारलं तर, "त्यात अक्षरं मोठी दिसतात गं. ह्यात मुंग्या दिसतात." मी जुन्या फोनमध्ये कधीतरी अक्षरं मोठी करून दिली होती म्हणे, मलाच आठवत नाही. फॉन्ट मोठा करायचं मी शोधलं, ते सापडलं, पण व्हॉट्सॲप मोठं झालं आणि ब्राउझरमधली बातमी बारीकच राहिली. ते कुठून करायचं?

म्हापशाची_माई | पुढचा रविवार, रात्री १०.४०

ब्राउझरचं वेगळं असतं. क्रोममध्ये वरची तीन टिंबं, सेटिंग्ज, त्यात ॲक्सेसिबिलिटी, तिथे अक्षरांची पट्टी ओढायची. फायरफॉक्समध्येही सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीखालीच आहे, आधी 'आपोआप आकार' बंद करावं लागतं. आणि व्हॉट्सॲपमध्ये चॅटच्या सेटिंग्जमध्ये अजून एक आहे. तिन्ही करा, नाहीतर सिम परत जुन्या फोनात जाणार.